अंगठे धर !

ज्यांनीं शाळेंत एकदाही अंगठे धरले नाहींत असे गृहस्थ आमच्या पिढींत विरळाच सांपडतील. पाढा चुकला, धर अंगठे. शेजाऱ्याशीं बोललास, धर अंगठे. उशीर झाला, तरी तेंच. या शिक्षेला छडी लागत नाहीं, अंगावर वळ उठत नाहींत आणि वर्गाचें कामही थांबत नाहीं. म्हणून शिक्षकवर्गास ती फार सोयीची वाटे. विद्यार्थी असतां आम्हीं ती भोगली आणि शिक्षक झाल्यावर मुक्त हस्तानें वांटली. तिचा विचार करण्याचा प्रसंग आमच्यावर कसा आला, तें आज सांगावयाचें आहे. त्यांतील दोष सर्वस्वीं आमचा होता; पण त्यापासून जें शिकलों तें इतरांच्याही उपयोगी पडेल असें वाटतें.

सन १९९६ च्या हिवाळ्यांतील गोष्ट. आम्ही त्या वेळीं उरण येथें शिक्षकाचा व्यवसाय करीत होतों. सहावीच्या वर्गांत कोळीवाड्यांतून येणारा एक मुलगा होता. पहिल्याच तासाला त्याला डुलकी येई. दोनदां समज दिली; तिसऱ्या वेळीं अंगठे धरावयास लाविलें आणि आम्ही फळ्याकडे वळलों. उदाहरण सोडवून होईतों पांचसात मिनिटें गेलीं असतील. तोंच मागें धाडकन् आवाज झाला. मुलगा भोंवळ येऊन पडला होता, आणि बांकाची कड लागून भुंवईवर खोंक पडली होती. तीन टांके घालावे लागले.

मागाहून कळलें तें असें, कीं वडील आजारी असल्यामुळें तो पहांटे चुलत्याबरोबर मासळी उतरवावयास धक्क्यावर जाई, आणि तेथूनच बहुधा उपाशीपोटीं शाळा गांठी. सायंकाळीं त्याची आई आमच्या घरीं आली. ती भांडेल अशी आमची अपेक्षा होती. किंबहुना तिनें भांडावें अशी इच्छाही होती. तिनें उलट हात जोडले, आणि मुलाचेंच कांहीं चुकलें असेल असें म्हणून आमची क्षमा मागितली. शिव्याशापांनीं जें झालें नसतें तें त्या क्षमेनें झालें. त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं. मुलगा चार दिवसांनीं पुन्हां येऊं लागला. पण वर्ष संपेपर्यंत त्यानें आमच्याकडे मान वर करून पाहिलें नाहीं.

पुढील उन्हाळ्याच्या सुटींत आम्ही लोणावळ्यास कैवल्यधामांत योगाच्या एका अल्प मुदतीच्या वर्गास गेलों. ही संस्था स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं स्थापिली आणि त्याच वर्षीं ‘योगमीमांसा’ हें नियतकालिकही सुरू केलें. स्वामीजी म्हणजे पूर्वाश्रमींचे जगन्नाथ गणेश गुणे (१८८३-१९६६). बडोद्यास राजरत्न माणिकरावांच्या हाताखालीं त्यांचें शरीर घडलें, मालसरच्या परमहंस माधवदासांजवळ योगाभ्यास झाला, आणि मधलीं कांहीं वर्षें अमळनेरास शिक्षणकार्यांत गेलीं. म्हणजे योगी होण्यापूर्वीं ते शाळेंतले गृहस्थ होते. आसनें आणि क्रिया करतांना शरीरांतील दाबांत काय फरक पडतो हें यंत्रांनीं मोजून पाहण्याचा त्यांचा आग्रह होता. चमत्काराची भाषा त्यांना रुचत नसे. मुंबईकडे श्रीयोगेंद्र यांनीं १९१८ सालींच योगसंस्था काढली होती, आणि औंधच्या पंतप्रतिनिधींनीं आपल्या संस्थानांतील शाळांतून सूर्यनमस्कार सुरू केले होते. तेव्हां शाळा आणि योग यांची गांठ महाराष्ट्रांत आजची नव्हे.

मुलें शांत बसविण्याच्या चार युक्त्या शिकून परतावें, एवढाच आमचा हेतु होता. तेथें पहिल्याच दिवशीं आमच्याच श्वासाची परीक्षा झाली. छातीवर हात ठेवून नुसतें पाहावयाचें. आणि पाहतों तों श्वास आखूड, घाईचा आणि वरच्या वर चाललेला! श्वास आंत घेतांना हृदयाचे ठोके किंचित् जलद होतात आणि सोडतांना मंदावतात, हें वैद्यकास ठाऊक आहे. म्हणून सोडण्याचा काळ घेण्याच्या काळाहून थोडा लांबविला, कीं शरीरास विसाव्याची सूचना मिळते आणि मन तिच्यामागून येतें. जो स्वतः धापा टाकीत वर्गांत शिरतो, त्यानें मुलांस शांतीचा उपदेश करावा हें किती विसंगत !

तिसऱ्या कीं चौथ्या दिवशीं पादहस्तासन आलें. उभें राहून कमरेंतून वांकावें आणि पायांचे अंगठे धरावे. शिकविणारे गृहस्थ सांगत होते, “सावकाश वांका. जेथवर हात सहज जातील तेथवरच न्या. अंगठे मिळाले नाहींत तरी बिघडत नाहीं. मान सैल सोडा. श्वास अडला कीं वर या. ज्यांस चक्कर येते त्यांनीं हें करूं नये.” आम्ही वांकलों आणि आमच्या डोळ्यांपुढें ती भुंवई उभी राहिली. कारण ही तर तीच शिक्षा ! शरीराची आकृति तीच. मग भेद कोठें? येथें माप ज्याचें त्याच्या हातीं होतें, उठण्याची मोकळीक होती, पोट रिकामें कां भरलें याची आधीं चौकशी होती, आणि आजूबाजूला हंसणारें कोणी नव्हतें. त्या एकाच आकृतीला शिकविणाऱ्याच्या दृष्टीनें आसन केलें होतें, आणि आमच्या दृष्टीनें दंड. ‘कोंबडा’ करावयास लावणें आणि कुक्कुटासन शिकविणें, पंचवीस सूर्यनमस्कारांची सजा आणि पंचवीस सूर्यनमस्कारांचें व्रत, यांतलें अंतरही हेंच.

जूनमध्यें शाळा उघडली तेव्हां वर्गांत अंगठ्यांची शिक्षा बंद झाली. शिक्षकाच्या तोंडची असली आज्ञा बेकायदा ठरविणारा शिक्षणहक्काचा कायदा २००९ सालीं आला. आमच्यापुरती बंदी एक तप आधीं झाली इतकेंच. तिच्या जागीं आम्हीं फार थोडें आणिलें. पहिल्या तासापूर्वीं पांच मिनिटें, आणि मधल्या सुटीनंतर तीन. सुटीनंतर भरल्या पोटीं आसन नाहीं, केवळ श्वास लांब सोडावयाचा. सकाळीं ताडासन, वृक्षासन, आणि शेवटीं भ्रामरीचा गुंजारव. श्वास कोंडून धरण्याचा प्रकार मुलांस मुळींच शिकविला नाहीं.

पहिल्या आठवड्यांत भ्रामरीचे भुंगे वर्गभर उडाले आणि हंसून हंसून मुलांची पुरेवाट झाली. आमचा हात टेबलावर आपटण्यासाठीं उचललाही गेला होता. इतक्यांत पुढच्या बांकावरील एक धीट मुलगी म्हणाली, “सर, तुम्हांला राग आलाय, आधीं श्वास सोडा ना!” वर्ग स्तब्ध झाला. आम्हीं श्वास सोडला, आणि मग आम्हांसही हंसूं आलें. त्या दिवसापासून अभ्यास खऱ्या अर्थानें सुरू झाला असें आम्ही मानतों.

यानें मुलांचीं भांडणें संपलीं काय? नाहीं. खोड्या, चिमटे, पेन्सिलींच्या चोऱ्या, सर्व राहिलें. पण राग येणें आणि हात उठणें यांच्यामध्यें थोडी जागा पडूं लागली. ती जागा प्रथम आमच्यांत पडली, मुलांत नंतर. आणि दया जर कोठें राहावयास येत असेल तर ती त्या जागेंतच. पतंजलींनीं आसनाला तिसरें स्थान दिलें असून पहिलें यमांना, आणि त्यांतही अग्रस्थान अहिंसेला दिलें आहे, याचा अर्थ आम्हांस तेव्हां कळला. शिक्षकांस योग शिकविणाऱ्यांनीं हा क्रम उलटा करूं नये.

एकदां मुलांस घारापुरीस नेलें. तें बेट उरण तालुक्यांतलेंच. मुख्य लेण्याच्या उत्तरेकडील प्रवेशाशीं एका अंगास नृत्य करणारा शिव आहे आणि दुसऱ्या अंगास ध्यानस्थ योगीश्वर. दोन्ही मूर्तींचे हात भंगलेले. तरी एकीची गति आणि दुसरीची स्थिरता लोपलेली नाहीं. मुलांकडून केवळ योगीश्वराची अपेक्षा करणारा शिक्षक अर्धेंच लेणें पाहून परततो. आधीं मनसोक्त खेळ, मग स्थिरता. मैदान काढून घेऊन दिलेली शांति ही शांति नव्हे, दडपण आहे.

आज २१ जूनला, म्हणजे २०१५ पासून पाळल्या जाणाऱ्या योगदिनीं, शाळाशाळांतून मुलें रांगेनें आसनें करतात. तो सोहळा चांगलाच. पण दुसऱ्या दिवशीं वर्गांत गुरुजी कोणत्या स्वरांत बोलतात, यावर त्याचें फळ अवलंबून आहे. उरणचें जीवनही पूर्वीचें राहिलें नाहीं. १९८९ सालीं न्हावाशेवा बंदर झालें, २०२४ च्या जानेवारींत सागरी सेतु आणि उरणची रेल्वे सुरू झाली. मिठागरांच्या गांवांत मालमोटारींची रीघ लागली. बाहेरची गति वाढली तेथें आंत थांबण्याची कला मुलांस अधिकच हवी. ती शिकविण्यापूर्वीं शिक्षकांसही निवांतपणा हवा. नाना कामांनीं गांजलेल्या माणसाकडून प्रसन्न श्वासाची अपेक्षा करणें हाही एक प्रकारचा अंगठे धरावयास लावण्याचाच प्रकार होय.

कांहीं वर्षांपूर्वीं मोऱ्याच्या धक्क्यावर एका तरुणानें आम्हांस नमस्कार केला. भुंवईवरील व्रणानें ओळख पटली. आम्हीं तेथेंच त्याची क्षमा मागितली. तो संकोचला, भरतीच्या वेळेविषयीं कांहींतरी बोलला, आणि लाँचमध्यें चढतांना आमच्या हातांतली पिशवी त्यानें आपल्या हातांत घेतली. या वेळीं मात्र त्यानें आमच्याकडे सरळ पाहिलें.

आपल्या एकत्र कुटुंबांतूनही वडीलधाऱ्यांचा राग प्रथम लहानांवरच उतरतो. काका कचेरींतून त्रासून येतात, आजी गुडघ्यांनीं त्रस्त असते, आणि चापट बसते ती पाटीशीं खेळणाऱ्या पोराला. त्या चापटीपूर्वीं एक श्वास पूर्ण सोडून पाहावा, एवढीच वाचकांस आमची विनंति आहे.