वरून ओतलेली डाळ

घर कोपरीला, शेत कल्याणपलीकडं, आईच्या माहेरी. कोपरीत आता भाताचं रोप दाखवायला मिळायचं नाही. म्हणून आवणीला अजून मी मामाच्याच गावी जातो. आणि सप्त्याला.

सप्ता म्हणजे सात दिवस वीणा खाली टेकवायची नाही. रात्री दोनच्या पहाऱ्याला डोळे मिटायला लागले तरी वीणा गळ्यात हवी. आठव्या दिवशी काल्याचं कीर्तन, मग महाप्रसाद. ज्यांचं बांधावरून बोलणं बंद, तेही त्या दिवशी एका चुलाणावर लाकडं लोटायचे. गाव टिकलं ते बरंचसं यानं, हे मी मानतो.

पण १९७१ साल. मी शाळकरी, हातात डाळीची बादली. देवळासमोर मोठी पंगत, आणि लांब चिंचेखाली दुसरी. तिथली माणसं आपापली ताटं घेऊन आलेली. त्यांना वाढायचं ते वरून, ताटाला पळी लागू न देता. त्या पंगतीत माझ्या वर्गातला पहिला नंबर बसला होता. त्याच पावसाळ्यात उधाणानं खारबांध फुटला तेव्हा त्याचा बाप मामाच्या खांद्याला खांदा लावून छातीभर चिखलात उभा होता. चिखलाची ढेपळं या हातातून त्या हातात जात होती. तेव्हा कुणाला काही लागलं नाही.

तो म्हणाला, "वाक की जरा, अंगावर उडतंय."

मामा बघत होता. मी वाकलो नाही.

पुढं दहावीनंतर शाळा सुटली, वाचन राहिलं. इरावती कर्वे यांचं 'परिपूर्ती' हाती आलं. बाई पंढरीच्या वाटेनं चालल्या होत्या. भजन एक, पण ब्राह्मणांचं जेवण वेगळं, मराठ्यांचं वेगळं, हे त्यांना सलत होतं. मला चिंच आठवली. साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषण केलं, विठोबाचं दार सगळ्यांना उघडलं. आमची डाळ मात्र चोवीस वर्षांनीही वरूनच पडत होती. धर्म माणसं जोडतो का तोडतो, असं शिकलेले विचारतात. आमच्याकडं तो सकाळी जोडायचा आणि दुपारी जेवायला वेगळं बसवायचा.

आता चिंच नाही. मांडवात टेबलं असतात, ज्यानं त्यानं थाळी घेऊन उभ्यानंच जेवायचं. संतांना जमलं नाही ते केटररवाल्यानं केलं, असं मी एकदा म्हटलं तर भजनी मंडळ आठवडाभर रागावलं.

गेल्या वर्षी तो आला, नातवाला घेऊन. गुडघ्यामुळं खाली सतरंजीवर बसता येईना, म्हणून खुर्चीत बसला. मी मुद्दाम बादली मागून घेतली. त्याच्यापुढं वाकलो, तर कंबरेत कळ आली आणि हात हलला.

"अजून उडवतोस," तो म्हणाला, आणि नातवाकडून रुमाल घेतला.