एकावन्नावी थाळी

लोअर परळला गाडीतून उतरले, की माझी नजर प्रथम वर जाते. ही सवय वडिलांची. चिमणीतून धूर निघत असला म्हणजे पगार नक्की, असे ते म्हणत. आता धूर नाही. ज्या थोड्या चिमण्या उरल्या आहेत, त्याही उंच इमारतींच्या गर्दीत शोधाव्या लागतात. तरी मान वर होतेच.

गेल्या वैशाखात एका रविवारी मी डोंबिवलीहून तिकडे गेलो, तो मात्र आठवणी काढायला नव्हे. माझ्या आतेबहिणीच्या मुलीला, मेघाला, एका जुन्या गिरणीच्या इमारतीत गाळा भाड्याने घ्यायचा होता. मराठी जेवणाची थाळी देणारे छोटेसे उपाहारगृह काढावे, असे तिच्या मनात होते. "मामा, करारनामा तुम्ही एकदा वाचून बघा," ती म्हणाली. मराठीच्या प्राध्यापकाला कायदाही कळतो, असा आमच्या घरात एक गोड गैरसमज आहे. बरोबर आत्याही होती. वय वर्षे ऐंशी. अनामतीसाठी मोडायची ती तिचीच ठेव. तेव्हा तिला वगळणे शक्यच नव्हते.

ताडदेवला कावसजी नानाभाई दावर यांची गिरणी १८५६ साली सुरू झाली आणि पाहता पाहता परळ, लालबाग, वरळी हा सारा भाग गिरणगाव होऊन गेला. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि मागे उरली सुमारे ६०० एकर जमीन. १९९१ च्या नियमावलीने तिची ढोबळमानाने तीन वाटे करून वाटणी ठरवली होती: एक शहराच्या मोकळ्या जागांना, एक घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली ही वाटणी केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल उचलून धरला. काही ठिकाणी गिरण्या पाडून मनोरे उठले. काही ठिकाणी जुन्या भिंती राखून त्यांत दुकाने आली. १९०५ साली स्थापन झालेल्या फिनिक्स मिलच्या आवारातला झगमगता बाजार मुंबईकर कुटुंबांनी पाहिलेलाच असतो.

आम्ही गेलो ती गिरणी त्याहून लहान. नाव सांगत नाही. गाळे दाखवणाऱ्या तरुणाने आम्हांला एका लांबलचक दालनात नेले. बिडाच्या खांबांच्या रांगा, दगडी भिंती, आणि वर करवतीच्या दात्यांसारखे छप्पर. त्या प्रत्येक दात्याची उभी, काचेची बाजू उत्तरेकडे. त्यामुळे दिवसभर उजेड मिळतो, पण ऊन आत येत नाही. कारागिरीचे शहाणपण असे छपरात दिसले, की मान आपोआप लवते.

"हे कुठलं खातं?" आत्याने विचारले. तरुणाला ठाऊक नव्हते. छप्पर आणि खांब पाहून मीच म्हणालो, "त्रासन खातं असावं."

आत्या थबकली. तिचे यजमान अशाच एका गिरणीच्या त्रासन खात्यात होते. तिच्या खानावळीत चाळीस जण जेवत, पण गिरणीच्या फाटकाच्या आत तिने कधी पाऊल टाकले नव्हते. "वारा कुठून यायचा रे?" तिने विचारले. कोरड्या हवेत सूत तुटते म्हणून खिडक्या बंद ठेवीत, हवेत ओल राखीत, हे मी सांगितले. ती काही बोलली नाही. एका खांबावर हात ठेवून उभी राहिली.

मग हिशोब निघाला. गाळा २०० चौरस फुटांचा. पण त्यात सामायिक जागेचा हिस्सा धरलेला. प्रत्यक्ष पायाखाली येणारी जागा ११० फूट. दर फुटाला महिना ४००, म्हणजे ८०,००० रुपये. देखभालीचे ८,००० वेगळे. सहा महिन्यांची अनामत. दरसाल पाच टक्के वाढ. शिवाय ठरलेले भाडे किंवा विक्रीचे बारा टक्के, यांत जे जास्त होईल ते द्यायचे. करार 'लीव्ह अँड लायसन्स'चा. १८८२ च्या कायद्यातला हा परवाना जागेवर कसलाही हक्क देत नाही, नुसती वापराची मुभा देतो. त्यात तीन वर्षांचे 'लॉक-इन', म्हणजे तोवर सोडून जायचे नाही. गिरणगावाला 'लॉक-आऊट' ठाऊक होता. हा त्याचा धाकटा भाऊ.

"उघडी शेगडी चालणार नाही," तरुण म्हणाला. ते मला पटले. २०१७ च्या डिसेंबरअखेर कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून १४ जीव गेले. बाहेर पडायचा दुसरा दरवाजा कुठे, हे मी पाहून घेतले. तो होता आणि उघडाही होता.

मेघाने कागदावर आकडे मांडले. एका थाळीमागे खर्च जाऊन साठ रुपये उरणार. "म्हणजे रोजच्या जवळजवळ पन्नास थाळ्या नुसत्या जागेच्या, आजी. एकावन्नावी आपली."

"माझ्याकडे जेवायचेच चाळीस," आत्या म्हणाली. "त्यात घर चाललं, दोन मुलींची लग्नं झाली."

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. भाडे मिळते म्हणून त्या भिंती उभ्या आहेत, ते छप्पर शाबूत आहे. नाही तर केव्हाच जमीनदोस्त झाले असते. त्याचा मला आनंदच आहे. पण भिंती वाचवणारे भाडेच त्या भिंतींच्या आत कोणी राहायचे, हेही ठरवते. चाळीस माणसांच्या खानावळीला तिथे जागा नाही.

परतताना आम्ही मागच्या फाटकाने बाहेर पडलो. गणवेशातली काही मुले-मुली पायरीवर बसून वडापाव खात होती. दुकानांतून दिवसभर उभी राहणारी ती पोरे.

"पाळी सुटली वाटतं," आत्या म्हणाली आणि एका मुलीशेजारी बसलीच. "जेवत नाहीस होय गं?"

"आतलं परवडत नाही, आजी. आणि अर्ध्या तासात परत उभं राहायचं असतं."

मेघा माझ्याकडे पाहत होती. तेव्हा मी काही सल्ला दिला नाही, आणि तिने मागितलाही नाही.

गाळ्याचा करार झाला नाही. त्याच फाटकासमोरच्या गल्लीत, एका चाळीच्या तळमजल्यावरची खोली मेघाने घेतली आहे. तिथे खांब बिडाचे नाहीत आणि उजेड बेताचाच आहे. भाडे मात्र रोजच्या नऊ-दहा थाळ्यांत भागते. दुपारी पायरीवरच्या पोरांनी यावे, उरलेल्या वेळी डबे जावेत, असा बेत आहे. येत्या पाडव्याला नारळ फुटेल. धंदा चालेल की नाही, हे मी काय सांगावे?

ठेव आत्यानेच मोडली आहे, आणि त्याबद्दल तिने एकच अट घातली आहे. आमटी दुसऱ्यांदा मागितली, तर तिचे पैसे लावायचे नाहीत.