राखीव साज

हिंदुस्थानी संगीताची मैफल घडता घडताच संपत जाते, त्यामुळे खोडून पुन्हा लिहिण्याची जी मुभा लेखकाला असते ती तिथे गायकाला, वादकाला किंवा साथीदाराला नसते; आणि ज्या साधनांवर ही मैफल उभी राहते ती कातडे, लाकूड, भोपळा, पोलाद आणि पितळ यांची असल्यामुळे हवेतला दमटपणा, दिव्यांची उष्णता आणि प्रवासातले हादरे यांना ती सतत प्रतिसाद देत असतात. तार तुटणे, तबल्याची पुडी फाटणे, पेटीचा एखादा स्वर मुका होणे या गोष्टींना म्हणूनच अपघात म्हणणे पुरेसे नाही; तो या साधनांचा स्वभाव आहे. बैठकीला जाताना एकाच वाद्यावर विसंबावे की जोडीला दुसरे न्यावे, हा प्रश्न त्यामुळे रियाजाइतकाच कलेच्या आतला ठरतो, आणि जुन्या कलावंतांनी त्याचे उत्तर वाद्यांच्या घडणीतच देऊन ठेवलेले दिसते.

सनईचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. गवताच्या काडीपासून केलेली चपटी पत्ती ओठांत धरून सनई वाजते. ही पत्ती ओलीने फुगते, दाबाने मिटते आणि कधी वाजता वाजता चिरतेही, म्हणून सनईच्या वरच्या टोकाला दोऱ्याने बांधलेल्या दोन-चार जादा पत्त्या आणि पत्तीचे तोंड ठीक करण्याची सुई कायम लोंबत असते. लग्नमंडपात किंवा देवळाच्या नगारखान्यात पाहणाऱ्याला ते लोंबते दोरे शोभेचे वाटतात. वास्तविक तो वाद्याच्या अंगावरच बाळगलेला राखीव साज होय. दुहेरी स्वरांच्या पेटीतही असाच विचार आहे. तिच्यात प्रत्येक पट्टीमागे ‘नर’ आणि ‘खर्ज’ अशा दोन रांगांतले दोन सूर बोलतात, म्हणजे मूळ स्वर आणि एक सप्तक खालचा त्याचा जोडीदार. त्यामुळे एका रांगेतला सूर धुळीच्या कणाने अडून बसला, तर ती रांग बंद करून दुसरीवर गाणे निभावून नेता येते. आवाज काहीसा रोडावतो, पण साथ तुटत नाही.

तारेच्या वाद्यांची गोष्ट अधिक नाजूक आहे. सतारीची मुख्य तार, जिला बाजाची तार म्हणतात, ती जाडीला सुमारे ०.३ मिलीमीटर असते, आणि मींड घेताना, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर अखंड घसरत जाताना, ती पडद्यावर आडवी ओढली जाते. या ओढीने ती कधी ना कधी तुटणार हे प्रत्येक सतारिया जाणून असतो आणि तारांची गुंडाळी सतारीच्या खोळीत ठेवूनच घराबाहेर पडतो. तार बदलण्याचे काम सरावलेल्या हाताला दोन-तीन मिनिटांचे असते: खुंटी सैल करायची, तिच्या भोकात तार ओवून वेढे द्यायचे, खालचा फासा अडकवायचा, तार घोडीवरून, म्हणजे तारा ज्या चपट्या पुलावर टेकतात त्यावरून, आपल्या खाचेत बसवायची आणि हळूहळू चढवत न्यायची. खरी अडचण त्यानंतर सुरू होते, कारण नवी तार ताण घेत राहते आणि ताण घेता घेता उतरत राहते. कलावंत एक आलाप मांडतो तोवर षड्ज, म्हणजे आधाराचा ‘सा’, खाली गेलेला असतो, आणि मग रागाकडे लागलेले लक्ष पुन्हा पुन्हा खुंटीकडे वळवावे लागते. जाणते वादक नव्या तारा कार्यक्रमाच्या एक-दोन दिवस आधी चढवून वाजवून बसवतात ते याचसाठी. ज्याची बैठक मोठी आणि ज्याला परवडते, तो मिळवलेली दुसरी सतार मागे झाकून ठेवतो. मात्र ही दुसरी सतार त्याच दिवशी, त्याच रंगमंचावर, त्याच पट्टीत, म्हणजे त्याच आधारस्वराला, आणि त्याच रागाच्या तरफांसह मिळवलेली असेल तरच उपयोगाची. अकरा ते तेरा तरफेच्या, म्हणजे मुख्य तारांखाली आपोआप झंकारणाऱ्या, तारा रागाच्या स्वरांप्रमाणे लावायच्या असल्यामुळे, खोळीतून थेट बाहेर काढलेली सतार मदतीला येण्याऐवजी आणखी वीस मिनिटे मागून घेते.

यातूनच एक कसोटी हाती येते. जे मैफलीच्या ओघात दुरुस्त होऊ शकते त्याचा सुटा भाग जवळ असावा, आणि जे तिथे दुरुस्त होऊच शकत नाही ते अख्खेच दुसरे असावे. तबल्याच्या बाबतीत ही कसोटी जितकी स्पष्ट होते तितकी इतर कुठे होत नाही. तबल्याच्या तोंडावर बकऱ्याच्या कातड्याची पुडी असते, तिच्या मध्यभागी लोहकीस आणि खळ यांच्या मिश्रणाची शाई थरांवर थर घोटून बसवलेली असते, कडेने गजरा आणि त्यातून ओवलेली चामड्याची वादी असते, आणि वादीखाली सरकवलेल्या लाकडी गठ्ठ्यांवर व गजऱ्यावर हातोडीचे हलके ठोके देऊन स्वर चढवला-उतरवला जातो. शाईचा कपचा उडाला किंवा पुडीला चीर गेली तर रंगमंचावर त्याला इलाज नाही. नवी पुडी भिजवून ओढायची, वाळू द्यायची, पुन्हा ओढायची आणि मग काही दिवस वाजवून तिला बोलते करायचे, हे काम कारागिराच्या दुकानातले आहे. शिवाय एका तबल्याची स्वराची झेप फार थोडी, साधारण एखाद-दुसऱ्या स्वराची. तोंड साडेपाच इंचांच्या आसपास असले तर तो काळी एकजवळ, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या स्वराजवळ, मोकळा बोलतो, पाच इंचांच्या आसपास असले तर वरच्या पट्टीत. जबरदस्तीने चढवला तर पुडी फाटते आणि उतरवला तर आवाज मातीचा होतो. म्हणून काळी एकमध्ये गाणारा गायक आणि काळी चारमध्ये गाणारी गायिका अशा दोघांना एकाच संध्याकाळी साथ करणाऱ्या तबलजीला दोन तबले न्यावेच लागतात, आणि दूरदृष्टीचा तबलजी प्रत्येक पट्टीत एकेक जादा नेतो. जोडीतल्या डाव्या हाताच्या डग्ग्याला मात्र नेमका स्वर लावण्याचे बंधन नसल्यामुळे तो कोणाचाही चालून जातो. एवढ्या एका बाबतीत तबलजीचे ओझे हलके होते.

पाश्चात्त्य वाद्यवृंदात अशा प्रसंगी शेजाऱ्याचे वाद्य मागून घेण्याची रीत आहे. अमेरिकेतील टँगलवुड येथे जुलै १९८६ मध्ये लेनर्ड बर्नस्टाइन यांची ‘सेरेनेड’ ही रचना बॉस्टन सिंफनी वाद्यवृंदासह वाजवताना, अवघ्या चौदा वर्षांच्या मिदोरी या व्हायोलिनवादिकेची तार तुटली. संचालन स्वतः बर्नस्टाइन करीत होते. तिने वाद्यवृंदाच्या अग्रणी वादकाचे व्हायोलिन घेऊन वादन पुढे चालू ठेवले, त्याचीही तार तुटली, तेव्हा त्याच्या सहकाऱ्याचे व्हायोलिन हाती घेतले आणि तिच्या सवयीच्या वाद्यापेक्षा आकाराने मोठ्या असलेल्या या परक्या वाद्यांवर रचना शेवटास नेली. तिच्या धैर्याचे कौतुक योग्यच आहे, पण त्या धैर्याला वाव मिळाला तो तिथल्या व्यवस्थेमुळे: मंचावरची सगळी व्हायोलिने एकाच ठरलेल्या स्वराला मिळवलेली असतात, म्हणून कोणाचेही वाद्य कोणालाही चालते. हिंदुस्थानी मैफलीत असा सार्वजनिक स्वर नाही. षड्ज गायकाच्या गळ्यातून निघतो, त्या संध्याकाळी त्याला जिथे सुखाने उभे राहता येईल तिथे तो मुक्रर होतो, आणि कधी कधी काळी एक व पांढरी दोन यांच्या मधल्या फटीतही बसतो; साहजिकच दुसऱ्या कलावंताचा तबला किंवा सारंगी उसनी आणून काम भागत नाही. इथे राखीव वाद्य त्या एका गळ्यासाठी, त्या एका संध्याकाळीच तयार करावे लागते.

तंबोऱ्याचा विचार इथे ओघानेच येतो. तंबोरे जोडीने ठेवण्याची प्रथा नादाच्या भरणीसाठी आहे, तरीही एकाची तार तुटली तर दुसरा षड्ज सांभाळून धरतो, हा तिचा दुय्यम लाभ कोणी नाकारणार नाही. मिरजेच्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकापासून घडवलेले हे वाद्य, ज्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पंढरपूर-मंगळवेढा भागातल्या मोठ्या भोपळ्यांवर उभे असते. भोपळा वाळून हलका झालेला असल्यामुळे गाडीच्या एका धक्क्याने तो तडकतो, आणि तडकलेला तंबोरा मंचावर सांधता येत नाही. त्याच मिरजेत राहिलेले आणि १९३७ मध्ये निवर्तलेले अब्दुल करीम खाँ वाद्यदुरुस्तीतही निष्णात होते. जवारी, म्हणजे घोडीचा तो घासून आणलेला पृष्ठभाग ज्यावर तार झणत्कारते, ती स्वतःच्या हाताने काढण्याइतका कान आणि हात असलेला गायक आपल्या साधनांशी किती जवळचा असतो हे त्यावरून कळते. आज प्रवासाच्या भीतीने इलेक्ट्रॉनिक तंबोरा किंवा मोबाइलमधला तंबोरा सोबत घेतला जातो, आणि अडीअडचणीचा सोबती म्हणून तो स्वागतार्हच आहे. खेदाची गोष्ट ही की अनेक ठिकाणी खरे तंबोरे येईनासे झाले आणि राखीव म्हणून आलेले यंत्र मुख्य आसनावर बसले. मंचावरच्या उष्णतेत तारा लांबून तंबोरा उतरू लागतो, त्याच उष्णतेत कातडे आवळून तबला चढू लागतो, आणि या दोघांना पुन्हा एका ठिकाणी आणण्यात कलावंतांचे जे ऐकणे जागे राहते, त्या ऐकण्याला यंत्राच्या अढळ षड्जाने सुट्टी मिळते. १९५३ साली सुरू झालेल्या पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात डिसेंबरच्या थंडीत, उघड्या मंडपात, दोन गाण्यांच्या मधे तंबोरे पुन्हा मिळवले जाताना हजारो श्रोते जे शांत बसून राहतात, ते संगीतच ऐकत असतात.

गळ्याला मात्र राखीव गळा नसतो, आणि म्हणूनच मागे तंबोरे घेऊन बसलेल्या शिष्यांचे स्थान लक्षात घेण्यासारखे आहे. गुरूचा श्वास अपुरा पडला किंवा तारसप्तकात आवाज फाटू लागला की शिष्य तो स्वर हलकेच उचलून धरतो आणि गुरू सावरताच मागे सरतो. वारकऱ्यांच्या अखंड हरिनाम सप्ताहात हीच कल्पना वेगळ्या रूपात आढळते: वीणा खाली ठेवायची नाही हा नियम असल्यामुळे पहारा बदलताना एका वीणेकऱ्याच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, रात्री-अपरात्रीही. तिथे वाद्य एकच राहते आणि माणसे राखीव असतात. अखंडता सांभाळण्याचे दोन्ही मार्ग आपल्याकडे आहेत, आणि त्यांतला कोणताही अविश्वासातून आलेला नाही.

तरीही ‘जोडीला दुसरे असावे’ हे म्हणणे जितके सोपे, तितके ते कोणाच्या खांद्यावर पडते हे पाहणे अवघड. गायक रिकाम्या हाताने गाडीतून उतरू शकतो. तबलजी एका हातात डग्गा, दुसऱ्या हातात दोन तबल्यांची पिशवी आणि खिशात हातोडी घेऊन एस.टी.च्या किंवा रेल्वेच्या गर्दीत शिरतो, आणि तिसरा तबला नेणे म्हणजे त्याच्यासाठी बरोबर एक माणूस नेण्यासारखे असते. त्याच्या मानधनात त्या तिसऱ्या तबल्याची किंमत, त्याच्या पुडीची झीज, त्याची वाहतूक यांपैकी काहीही धरलेले नसते, आणि तबला फाटला तर मैफल बिघडवल्याचा ठपका मात्र त्याच्यावर येतो. हा अन्याय आहे आणि तो दूर करणे अशक्य नाही. नाट्यगृहांनी आणि संगीतसभांनी मिरजेची एक तंबोऱ्यांची जोडी, खालच्या व वरच्या पट्टीचा एकेक तबला, एक डग्गा आणि एक चांगली पेटी स्वतःच्या मालकीची ठेवावी, ती कपाटात कुलूपबंद न ठेवता शिकणाऱ्यांकडून आठवड्यातून एकदा वाजवून घ्यावी, कारण न वाजवलेले वाद्य फार लवकर मुके होते. आणि निमंत्रणपत्र पाठवतानाच गायकाची पट्टी विचारून घेऊन, ही वाद्ये त्या पट्टीच्या आसपास लावण्यासाठी कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी एक जाणकार माणूस, योग्य मोबदला देऊन, बोलवावा.