काळ्या पाण्याच्या काठावर एक फातिहा

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही बारामती आणि इंदापूरचे पंधरा जण अंदमानला गेलो. सहा जोडपी, दोन खाला आणि इंदापूरचे निवृत्त उर्दू शिक्षक, ज्यांना आम्ही सगळे चाचा म्हणतो. आमच्यातल्या काहींनी उजनीच्या जलाशयापेक्षा मोठे पाणी कधी पाहिले नव्हते. पुण्याहून चेन्नई आणि तिथून विमानाने पोर्ट ब्लेअर. 2024 पासून शहराचे सरकारी नाव श्री विजयपुरम झाले आहे, पण रिक्षावाल्याच्या तोंडी पोर्ट ब्लेअरच आहे.

पहिला धडा सूर्याने दिला. घड्याळ आपलेच, पण शहर फार पूर्वेला. नोव्हेंबरात सव्वापाचला उजाडते आणि संध्याकाळी पाच वाजायच्या आत मगरिब! पहिल्या दिवशी बारामतीच्या सवयीने चहा पीत बसलो आणि असरची नमाज कशीबशी साधली. दुसऱ्या दिवशी शहर पाहायचे होते, तेव्हा आधी नमाजांच्या वेळा कागदावर लिहिल्या आणि मगच बाहेर पडलो.

सकाळी सेल्युलर जेल. 1896 ते 1906 या काळात बांधलेला हा तुरुंग. मधोमध मनोरा आणि त्याच्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारख्या तीन मजली सात इमारती. आज त्यांतल्या तीनच उभ्या आहेत. एका इमारतीतल्या कोठड्यांची तोंडे पुढच्या इमारतीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला दुसऱ्या कैद्याचा चेहराही दिसू नये. कडी दारापासून लांब, भिंतीतल्या खोबणीत. आतून हात घालून ती उघडता येत नाही. आमच्यातल्या दोघी एका कोठडीत गेल्या, आम्ही बाहेरून दार लोटले. अर्ध्या मिनिटात आतून आवाज आला, “बस झालं, उघडा.” बाहेर आल्यावर त्या बराच वेळ बोलल्या नाहीत.

अंगणात कोलू आहे. आपल्याकडे घाण्याला बैल जुंपत, इथे माणसे जुंपली जात. दिवसाला तीस पौंड, म्हणजे सुमारे साडेतेरा किलो खोबरेल काढायचे. कमी भरले की शिक्षा. सावरकरांच्या कोठडीत आणि 1933 च्या उपोषणात जीव गमावलेल्या महावीर सिंह, मोहन किशोर नामदास आणि मोहित मोइत्रा यांच्या आठवणीपाशी आम्ही थांबलो. मनोऱ्यात संगमरवरी पाट्यांवर कैद्यांची नावे कोरलेली आहेत. चाचा चष्मा पुसून एकेक नाव वाचत होते. शेवटी म्हणाले, “अल्लामांचं नाव नाही. असणार कसं? ते या जेलच्या आधी आले आणि आधीच गेले.”

कोण अल्लामा? आम्ही बहुतेक शिक्षक, काहींनी तर वर्षानुवर्षे इतिहास शिकवलेला, आणि आमच्याकडे उत्तर नव्हते. मग तिथल्याच पायरीवर बसून चाचांनी सांगितले. तुरुंग नंतरचा, काळे पाणी त्याआधीचे. 10 मार्च 1858 रोजी दोनशे कैद्यांची पहिली तुकडी या बेटावर उतरवली गेली. त्यांच्यापुढे जंगल होते आणि ते त्यांनीच तोडायचे होते. मौलाना फजले हक खैराबादी (रह.) अवधचे मोठे आलिम, मिर्झा गालिबचे स्नेही. 1857 च्या उठावाला चिथावणी दिल्याच्या आरोपावरून 1859 मध्ये त्यांना जन्मठेप झाली. त्यांनी कैदेत अरबीत त्या उठावाची हकिकत लिहिली आणि 1861 मध्ये इथेच त्यांचा इंतकाल झाला. मुलगा सुटकेचा हुकूम घेऊन पोहोचला तेव्हा समोरून जनाजा येत होता, असे सांगितले जाते.

त्यांची मजार साउथ पॉइंटला आहे. सहलवाल्यांच्या यादीत ती नव्हती. दुपारी कॉर्बिन्स कोव्हचा किनारा आणि नंतर खरेदी असा बेत होता. थोडी कुरबुर झाली. एक भाभी म्हणाल्या, “मुलांना शंख-शिंपले कबूल केलेत, रिकाम्या हाताने कशी जाऊ?” त्यांचेही खरेच होते. शेवटी किनाऱ्यावरचा वेळ निम्मा केला. चाचांचे गुडघे दुखत होते. दोघांनी हात धरून त्यांना नेले. आम्ही सलाम केला, फातिहा पढली, मगफिरतची दुआ मागितली. चाचा दुआसाठी हात उचलून बराच वेळ उभे राहिले. कोणीही घाई केली नाही. भाभीही.

चालक स्थानिक होता. त्याचे पूर्वज कैदी होते. सुटल्यावर इथेच राहिले, इथेच लग्ने केली; कोण कुठल्या प्रांताचा, कुठल्या जातीचा, हे मागे पडले आणि हिंदुस्तानी हीच सगळ्यांची बोली झाली. 1921 च्या बंडानंतर आणलेल्या मलबारच्या मोपल्यांची गावेही बेटावर आहेत, असे त्याने सांगितले.

मगरिब अबर्डीन बाजाराजवळच्या मशिदीत अदा केली आणि शंख-शिंपलेही तिथेच मिळाले. रात्री जेलमध्ये ध्वनी-प्रकाशाचा कार्यक्रम पाहिला. अंगणातला पिंपळ कैद्यांची कहाणी सांगतो. अंधारात चाचा शेजारच्या खालांना हळूच म्हणाले, “आपा, पोरांना सांगायला हवं.”

परतल्यावर आम्ही ठरवले आहे: दरवर्षी सहलीत इंदापूरला मालोजीराजांची गढी दाखवतो, तेव्हा 1857 चा धडा घेताना या बेटाचा नकाशाही फळ्यावर काढायचा. आणि वाचकांनो, तुम्ही अंदमानला गेलात, तर साउथ पॉइंटसाठी अर्धा तास राखून ठेवा. मगरिबची वेळ मात्र आधी पाहून घ्या.