नेहमीचे राहण्याचे ठिकाण

सांगलीच्या गणपती पेठेतील एका हळदीच्या पेढीवरचा धाकटा मुलगा २००९ साली सिडनीला गेला. व्हिसा ४५७ क्रमांकाचा, म्हणजे कंपनीच्या हमीवर फार तर चार वर्षांचा. पगाराचा एक हिस्सा त्याला ‘घरापासून दूर राहण्याचा भत्ता’ म्हणून मिळे. घरभाडे आणि जेवण यांपुरता हा वाजवी भत्ता त्या काळी बहुतांशी करमुक्त होता. जेवणापोटी प्रौढ माणसामागे आठवड्याचे ४२ डॉलर तेवढे वगळले जात. २०१०-११ साली त्याचे उत्पन्न ३७ टक्के कराच्या पायरीवर होते. साहजिकच भत्त्याच्या दर हजार डॉलरमागे ३७० डॉलर वाचत, आणि त्यांतून थोरल्या भावाच्या गोदामाचे हप्ते फिटत.

अशा भत्त्यांना लागू असलेल्या कराचे वर्ष आपल्याप्रमाणेच एप्रिल ते मार्च. वर्ष सरले की एक प्रतिज्ञापत्र भरावे लागे. ‘नेहमीचे राहण्याचे ठिकाण’ या रकान्यात तो निःशंकपणे गणपती पेठेचा पत्ता लिही. त्याचा अर्थ एवढाच की, नोकरी नसती तर तो तेथेच राहिला असता आणि ती संपताच तेथेच परतेल.

२०११ मध्ये कायम वास्तव्याचा अर्ज करण्याची संधी चालून आली. अर्ज केला की भत्ता त्याच दिवशी बंद, असे कायद्यात लिहिलेले नव्हते. पण सारी सवलत उभी होती ती परतण्याच्या इराद्यावर. एका कागदावर ‘परतणार’ आणि दुसऱ्यावर ‘कायम राहणार’, अशा एकाच माणसाच्या दोन सह्या तपासणीत कितपत टिकणार? सोबत्यांनी सांगितले, मंजुरी येईपर्यंत गप्प राहा. पेढीवर वाढलेल्या मुलाला तो सल्ला रुचला नाही. मोहही झाला नाही, असे मात्र नव्हे.

त्याने घरी फोन केला.

“अण्णा, पुढच्या महिन्यापासून पैसे कमी येतील.”

कारण ऐकून घेतल्यावर वडील थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “पैशाचे पाहू. त्या कागदावर आता पत्ता कोणता घालणार आहेस?”

आई दोन वर्षे हाच प्रश्न निराळ्या शब्दांत विचारीत होती आणि तो दर वेळी बोलणे हवापाण्यावर नेई. करखात्यापाशी ती सोय नव्हती.

अर्जासोबतच त्याने हिशेब विभागाला कळवले. भत्ता पगारात मिळवला गेला, त्यावर कर बसला आणि गोदामाचे हप्ते लांबले. पुढे १ ऑक्टोबर २०१२ पासून नियमच बदलले. ऑस्ट्रेलियातच स्वतःचे घर राखून कामासाठी त्यापासून दूर राहणाऱ्यांपुरतीच सवलत उरली, तीही एका ठिकाणी बारा महिने. गप्प राहिलेल्या सोबत्यांचाही भत्ता गेला.

वरच्या मजल्यावरची त्याची खोली हळदीच्या नमुन्यांसाठी वापरा, असे आईने एकदा सुचवले. अण्णांनी नमुने खालीच ठेवले.