स्पष्टवक्ता

मोठ्या कंपनीत प्रत्येक टेबलावर एक लॅपटॉप असतो आणि बिघडला तर आयटीवाले धावत येतात. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या आमच्यासारख्या युनिटमध्ये तो एकच असतो आणि सगळ्यांचा असतो. सकाळी क्वालिटीवाले त्याच्यावर इन्स्पेक्शन रिपोर्ट भरतात. दुपारी तो शॉपफ्लोअरवर मशीनशेजारी स्टुलावर बसतो. महिन्याच्या 20 तारखेला, जीएसटी रिटर्नच्या दिवशी, अकाउंटच्या मॅडम त्याला कोणाला हात लावू देत नाहीत. रात्री तो मालकांच्या बॅगेत बसून सिडकोला घरी जातो.

हा नवा लॅपटॉप आला तेव्हा दिसायला अगदी साधा वाटला. चौदा इंची, करडा, चकाकी नाही, वजन दीड किलोच्या आत. घरच्या लॅपटॉपसारखा तो रंगीत नाही की नाजूकही नाही. झाकण पार सपाट उघडतं, कीबोर्डची बटणं खोल दाबली जातात, एका हाताने उचलला तर अंग वाकत नाही. खोक्यावर अमेरिकी लष्कराच्या चाचणीचा, मिल-स्टँडर्ड 810चा, उल्लेख होता. तो वाचून ऑपरेटर पोरं खूश झाली. त्या चाचण्यांत आपटणं, थंडी, ऊन, धूळ असं बरंच काही असतं. पण वाळूची धूळ वेगळी आणि कास्टिंगवर ड्रिल मारताना उडणारा लोखंडाचा काळा बुरादा वेगळा. बुराद्यातून वीज वाहते, आणि कूलंटच्या वाफेत तो चिकट होऊन पंख्याच्या पात्यांवर बसतो.

त्याचा स्वभाव पहिल्याच आठवड्यात कळला. हा स्पष्ट बोलतो. जुना लॅपटॉप सोशिक होता. काही झालं तरी कुरकुरत चालायचा आणि सगळं पोटात ठेवायचा. नव्याला खपत नाही. आणि त्याने केलेली जवळजवळ प्रत्येक तक्रार तपासत गेलं की शेवटी दोष आमच्याच शेडमध्ये सापडतो.

पहिली तक्रार करंटची. ‘सर, लॅपटॉप करंट मारायलाय,’ असं सांगत क्वालिटीचा पोरगा केबिनमध्ये आला. चार्जर लावलेला असताना धातूच्या कडेवरून मनगट फिरवलं की झिणझिण्या यायच्या. सगळ्यांचं मत एकच पडलं, पीस खराब आहे, परत करा. मेंटेनन्सवाल्याने मात्र मल्टिमीटर आणला. चार्जरच्या आत वीज स्वच्छ करण्यासाठी छोटे कपॅसिटर असतात. त्यातून अगदी किंचित वीज लॅपटॉपच्या अंगावर येते आणि अर्थिंगच्या तारेने जमिनीत निघून जायला हवी. अर्थिंगच नसेल तर बॉडीवर मीटर शंभर-सव्वाशे व्होल्ट दाखवू शकतो. त्यात माणसाला इजा करण्याइतका जोर नसतो, पण झिणझिणी येते. केबिनचा एक्स्टेन्शन बोर्ड उघडला तर तिसऱ्या भोकाला तारच नव्हती. तार जोडली तरी मीटरवरचा आकडा हवा तेवढा उतरेना. मग मेंटेनन्सवाला थेट शेडमागच्या अर्थिंगच्या खड्ड्यापाशी गेला. उन्हाळ्यात काळ्या मातीला पडतात तशा भेगा तिथेही पडलेल्या, मीठ-कोळसा कोरडा ठक्क, पाणी घालायचं कोणाच्या ध्यानातच नाही. आमच्या लाखो रुपयांच्या मशीन त्याच खड्ड्यावर उभ्या होत्या. त्यांच्या कंट्रोलरला अधूनमधून येणाऱ्या विनाकारण अलार्मचा कोणी शोध घेतला नव्हता. बंद करून पुन्हा चालू करायचं, एवढाच उपाय. या चौदा इंची पाहुण्याने मनगटाला चिमटा काढून ते दाखवून दिलं.

शेंद्र्यात दोन काळ शेजारी शेजारी नांदतात. 2001मध्ये इथे स्कोडाचा कारखाना सुरू झाला, त्याच्या आसपास जालना रस्त्यालगतची वसाहत भरत गेली. त्या पिढीच्या व्हीएमसी मशीन छोट्या युनिटांनी सेकंडहँड घेतल्या, आणि त्या अजून मायक्रॉनमध्ये माल काढतात. त्याच शेंद्र्यात दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरमधलं ऑरिक उभं राहिलं. 2019च्या सप्टेंबरात पंतप्रधानांच्या हस्ते ऑरिक हॉलचं उद्घाटन झालं, आणि पाण्यापासून दिव्यांपर्यंत सगळं संगणकावर पाहता येईल असं शहर आखलं गेलं. आमचा लॅपटॉप त्या दुसऱ्या काळातला. त्याला काम करायचं असतं पहिल्या काळाशी.

म्हणजे नक्की काय, ते त्याच्या उजव्या-डाव्या कडा पाहिल्या की समजतं. दोन टाइप-सी, एक जुनं यूएसबी, बस्स. आणि मशीनच्या कंट्रोल पॅनेलखाली आहे पंचवीस पिनांचं आरएस-232. हे मानक 1960 सालचं. मधे लागतो यूएसबी-टू-सिरीयल कन्व्हर्टर. आमच्या ड्रॉवरमध्ये एक होता, निळ्या वायरचा, जुन्या लॅपटॉपवर वर्षानुवर्षं चाललेला. नव्याला लावला तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण, आणि पुढे पोर्टच्या नावाच्या जागी एक वाक्य: ही चिप 2012पासून बंद झाली आहे, विक्रेत्याशी संपर्क साधा. एवढं सरळ उत्तर मी कुठल्या यंत्राकडून क्वचितच ऐकलंय. विंडोज 11चा ड्रायव्हर त्या जुन्या चिपला ओळखतो, पण चालवत नाही. नव्या चिपचा कन्व्हर्टर आणल्यावर पोर्ट मिळाला तो कॉम 7. प्रोग्रॅम पाठवायचं आमचं जुनं सॉफ्टवेअर चारच्या पुढे मोजत नाही! पोर्ट सेटिंग्जच्या ॲडव्हान्स्ड खिडकीत जाऊन त्याला कॉम 2 केलं, बॉड रेट 9600, पॅरिटी आणि स्टॉप बिट मशीनच्या पॅरामीटरप्रमाणे जुळवले, आणि अक्षरं जाऊ लागली. सेकंदाला साधारण साडेनऊशे. ज्याची स्वतःची डिस्क सेकंदाला हजारो मेगाबाइट वाचते, तो या म्हाताऱ्या मशीनच्या चालीने, एकही ओळ न गाळता, पंधरा-वीस मिनिटं प्रोग्रॅम भरवत बसतो. वडीलधाऱ्याचा हात धरून जिना उतरणाऱ्या नातवासारखा तो मला तेव्हा वाटतो. त्याचं मला फार कौतुक आहे.

उन्हाचं त्याला सोसत नाही, आणि तो ते लपवत नाही. बहुतेक बिझनेस लॅपटॉपच्या माहितीपत्रकात कामाचं तापमान 35 अंशांपर्यंत लिहिलेलं असतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या शेडखाली त्याहून वर. दुपारी ड्रॉइंग उघडलं की पंखा घुमायला लागतो, प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो आणि माउस अडखळतो. ‘स्लो झाला’ म्हणून मेमरी वाढवायचं घाटत होतं. त्यात मेमरी बोर्डावरच डकवलेली, वाढवायची सोयच नाही. घेतानाच जास्त घ्यावी लागते, हे नवीन घेणाऱ्याने पक्कं लक्षात ठेवावं. शेवटी उपाय निघाला तो स्टुलापाशी. त्याच्या सपाट पत्र्यावर ठेवल्याने खालच्या जाळ्या बुजत होत्या. फॅब्रिकेशनवाल्याने उरलेल्या अँगलचा चार बोटं उंच स्टँड करून दिला आणि महिन्यातून एकदा जाळीवर हलका ब्लोअर मारायचं ठरलं, तोही पंख्याचं पातं काडीने अडवून, नाहीतर हवेच्या झोताने पंखा गरगरून बेअरिंग जातं.

त्याच्या झोपेचं मात्र मालकांना कोडं पडलं होतं. झाकण मिटून बॅगेत घातलेला लॅपटॉप घरी काढला की भट्टीसारखा गरम आणि बॅटरी निम्मी. बॅटरी सदोष, हाच निष्कर्ष. वास्तविक हल्लीचे लॅपटॉप झाकण मिटल्यावर पुरते झोपत नाहीत. मोबाइलसारखे डुलकी घेत मेल बघत राहतात. पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण मिटल्यावर ‘हायबरनेट’ निवडलं आणि प्रश्न मिटला. चार्जिंगही 80 टक्क्यांवर थांबेल असं लावलं, कारण दिवसभर चार्जरवरच असणाऱ्या बॅटरीला उष्णतेत शंभर टक्के भरून ठेवणं म्हणजे तिचं आयुष्य कमी करणं.

एकदाच त्याने मला घाबरवलं. बायोस अपडेट झालं, आणि पडद्यावर निळ्या पाटीवर 48 अंकी रिकव्हरी की मागितली. डिस्क कुलूपबंद असते. चोरी झाली तर डेटा वाचतो, पण चावी नसेल तर मालकालाही तो दारात उभा करतो. 19 जुलै 2024ला एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे 85 लाख विंडोज संगणक एकाच दिवशी कोलमडले, तेव्हा दुरुस्तीपेक्षा ह्याच चाव्या शोधण्यात कित्येक ठिकाणी वेळ गेला. आमच्या मॅडमनी ती पहिल्याच दिवशी छापून डिजिटल सहीच्या टोकनबरोबर कपाटात ठेवली होती. त्यांनी अंक वाचले, मी टाइप केले, काम सुरू झालं.

लाइट गेली की त्याचा खरा गुण दिसतो. सगळी शेड गप्प होते, जनरेटर सुरू होईपर्यंत अंधार, आणि हा एकटा जागा असतो. अर्धवट भरलेला रिपोर्ट, निम्मा टाइप केलेला चलन नंबर, सगळं जसंच्या तसं धरून.

आता दुसऱ्या शेडसाठी असाच एक घ्यायचं ठरलंय. कोटेशन आली, मालक सही करणार होते. मेंटेनन्सवाला म्हणाला, ‘साहेब, आधी तिकडची अर्थिंग करून घेऊ, लॅपटॉप मागनं आणू.’ मालकांनी कोटेशन बाजूला ठेवून खड्ड्याच्या खर्चाचा कागद मागवला. सोमवारपासून खोदकाम सुरू होतंय.