बिनगोळीचा बार

वकिलाच्या घराचा उंबरठा ओलांडून येणारे प्रश्न सगळेच कायद्याचे असतात असे नाही. सोयरीक जुळवावी की मोडावी, जुना वाडा विकावा की ठेवावा, मुलाला कोणत्या कॉलेजात घालावे, असल्या बाबतींतही आम्हाला मत द्यावे लागते. आणि मौज अशी की अशील याच मतांना अधिक मान देतात, कारण त्यांची फी पडत नाही. तरीसुद्धा आमच्या अंबरपेठेतील एका वृद्ध गृहस्थांनी गेल्या वर्षी जो प्रश्न माझ्यापुढे ठेवला, तो माझ्या आजवरच्या वकिलीत पहिलाच होता. “वकीलसाहेब,” ते म्हणाले, “कुत्र्याच्या पिल्लाला बाराच्या आवाजाची सवय लावायची आहे. त्यासाठी बिनगोळीचे पिस्तूल कोणते घ्यावे? आणि त्याला परवाना लागतो का?”

गृहस्थ सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, सोवळ्याओवळ्याचे, मुंगीलाही वाट करून देणारे. परंतु त्यांचे आजोबा निजामी अमदानीत शिकारीचे शौकीन होते आणि त्यांच्या दिवाणखान्यात आजोबांच्या शेजारी उभ्या असलेल्या दोन ठिपकेदार कुत्र्यांची एक तसबीर आजही टांगलेली आहे. त्या तसबिरीच्या मोहाने नातवाने आजोबांना त्याच जातीचे, म्हणजे पॉइंटर जातीचे पिल्लू आणून दिले होते.

या जातीची थोडी ओळख करून देणे अवश्य आहे. शिकारी कुत्रा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर मुधोळकडचा किंवा आपल्या मराठवाड्यातला कारवानी कुत्रा येतो. तो नजरेने सावज हेरतो आणि वाऱ्यासारखा धावून ते पकडतो. पॉइंटरचा धर्म याच्या उलट आहे. तो नाकाने शोधतो आणि सावज सापडले की धावत नाही, थबकतो. पुढचा एक पाय उचललेला, शेपूट ताठ, नाक पक्ष्याच्या दिशेने रोखलेले, अशा अवस्थेत तो एखाद्या पाषाणमूर्तीसारखा उभा राहतो. मग शिकारी पुढे होतो, पक्षी उडतो, बार होतो आणि पडलेला पक्षी कुत्रा शोधून काढतो. वास, स्तब्धता, बार आणि शोध अशी ही चार अंगांची विद्या आहे. तिसऱ्या अंगाशी कुत्रा दचकला तर उरलेली तिन्ही व्यर्थ जातात. म्हणून बाराला न बुजणारे पिल्लू तयार करण्याचे एक शास्त्रच पाश्चात्त्य देशांत निर्माण झाले, आणि बिनगोळीचे पिस्तूल हे त्या शास्त्राचे मुख्य उपकरण ठरले.

आपल्या देशात या विद्येचा मूळ हेतू संपला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आळा घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीने उरलीसुरली परवान्याची वाटही बंद केली. आज माळावर जाऊन तित्तर मारणे हा गुन्हा आहे. मी तसे म्हणताच गृहस्थ हसून म्हणाले, “मला कुठे तित्तर मारायचे आहेत? पण दिवाळी तर दर वर्षी येणारच ना!” त्यांचे म्हणणे खरे होते. आमच्या भागात आषाढात बोनालूचे ढोल वाजतात, गणेशविसर्जनाची मिरवणूक निघते, लग्नसराईत वरातीपुढे फटाक्यांच्या माळा लागतात आणि क्रिकेटचा सामना जिंकला तर मध्यरात्रही दणाणून जाते. पिल्लाने एका वरातीनंतर पलंगाखालून बाहेर यायलाच एक दिवस घेतला होता.

हे ऐकताना मला महाभारताच्या आरंभीची सरमेची कथा आठवली. जनमेजयाचे सत्र चालू असताना सरमा या देवशुनीचा मुलगा तेथे आला. त्याने हविर्द्रव्याकडे पाहिले नव्हते, त्याला जीभही लावली नव्हती. तरी राजाच्या भावांनी त्याला मारले. तो रडत आईकडे गेला. सरमा सत्राच्या ठिकाणी आली आणि तिने जाब विचारला. कोणीही उत्तर दिले नाही. तेव्हा तिने शाप दिला तो मरणाचा नव्हे, दारिद्र्याचाही नव्हे. निरपराध्याला मारलेत म्हणून तुमच्यावर न दिसणारे भय येईल, एवढाच. एवढा पराक्रमी राजा, पण त्या शापाने अस्वस्थ होऊन शापाचे निवारण करणारा पुरोहित शोधीत फिरला. धर्मराजाच्या मागून हिमालयापर्यंत गेलेला कुत्रा आपण सर्व जाणतो. परंतु ग्रंथाच्या दाराशी बसलेल्या या दुसऱ्या कुत्र्याकडे फारसे कोणी पाहत नाही.

भयांमध्ये न दिसणारे भय सर्वांत दारुण असते हे सरमेला ठाऊक होते. काठी दिसते, म्हणून तिच्यापासून पळता येते. बार दिसत नाही; तो कोठून आला, कशासाठी आला, पुन्हा केव्हा येईल, यांपैकी मुक्या जिवाला काहीच कळत नाही. त्यातून त्याचे कान आपल्याहून कितीतरी तीक्ष्ण. माणसाला सुमारे वीस हजार कंपनांपर्यंतचा सूर ऐकू येतो, तर कुत्र्याला चाळीस हजारांच्याही पलीकडचा. काही पिल्ले उपजतच हळवी असतात, हे खरे. पण बाराला बुजणारी पुष्कळशी कुत्री माणसाच्या उतावळेपणाने बुजरी झालेली असतात. “बघू या, घाबरतो का,” म्हणून कोणीतरी एक दिवस त्याच्या डोक्याशी बार काढतो, आणि ती परीक्षाच त्याच्या आयुष्यभराच्या भीतीचे कारण होते.

आता पिस्तुलाकडे वळू. गृहस्थांच्या आग्रहाखातर मी या विषयातले वाचन केले. त्याचा सारांश असा, की या कामाची पिस्तुले तीन तऱ्हांची असतात. पहिले पॉइंट बावीस मापाचे. त्यात तोंड चुरगाळून बंद केलेले इवलेसे काडतूस बसते आणि आवाज लहान पण टोकदार येतो. दुसऱ्यात छऱ्यांच्या बंदुकीच्या काडतुसाची नुसती टोपी उडते. तिसरे आठ किंवा नऊ मिलिमीटरचे, हुबेहूब खऱ्यासारखे दिसणारे आणि खऱ्यासारखेच गरजणारे. दुकानात माणसाचा हात तिसऱ्याकडे जातो. जाणते शिक्षक पिल्लासाठी पहिले निवडतात. त्यांचे सूत्र असे, की ज्या लहानांतल्या लहान आवाजाने काम भागते, तोच आवाज योग्य.

तो आवाजही जवळून नव्हे. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केले की आवाजाची पातळी सुमारे सहा डेसिबलांनी उतरते; म्हणजे दहा पावलांवरचा बार ऐंशी पावलांवर नेला तर अठरा डेसिबल कमी झाले. म्हणून पिल्लू एका टोकाला पिसांच्या झुपक्यामागे देहभान विसरून धावत असावे, सोबत्याने दुसऱ्या टोकाला, शंभर पावलांवर, पाठ करून एकच बार काढावा आणि सर्वांनी पिल्लाचे कान व शेपूट पाहावी. त्याने क्षणभर मान वर करून पुन्हा झुपक्याचा पाठलाग केला, तर उद्या दहा पावले पुढे. तो थांबला, शेपूट खाली गेली, तर चार दिवस पूर्ण शांतता आणि मग दीडशे पावलांवरून नवा आरंभ. दिवसाला एक, फार तर दोन बार. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून दाखवून दिले की ज्या खुणेपाठोपाठ अन्न येते ती खूणच पुढे कुत्र्याच्या तोंडाला पाणी आणते. येथेही न्याय तोच आहे. आवाज आनंदाच्या सोबतीने यावा, म्हणजे तो आनंदाचाच भाग होतो.

बिनगोळीचे म्हणजे निर्धोक, ही समजूतही सोडली पाहिजे. अशा पिस्तुलाची नळी बुजवलेली असली तरी जळता वायू कोठून तरी बाहेर पडतोच. १९८४ साली जॉन-एरिक हेक्सम या तरुण अमेरिकन नटाने चित्रीकरणाच्या खोळंब्यात बिनगोळीचे काडतूस भरलेले पिस्तूल थट्टेने स्वतःच्या कानशिलाला लावून चाप ओढला, आणि त्या बाराच्या धक्क्याने त्याचा प्राण गेला.

राहिला परवान्याचा प्रश्न, आणि येथे कायद्याने मोठी गंमत करून ठेवली आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यातील व्याख्येप्रमाणे स्फोटक द्रव्याच्या किंवा अन्य शक्तीच्या जोरावर काही तरी फेकण्यासाठी बनवलेले ते अग्निशस्त्र. आमचे पिस्तूल काहीच फेकीत नाही. तेव्हा ते सुटले, असे कोणताही उत्साही वकील म्हणेल. पण त्याच कलमातली दारूगोळ्याची व्याख्या पाहावी. तीत स्फोटक द्रव्य असलेल्या वस्तू येतात, मग त्या अग्निशस्त्रात वापरता येवोत अथवा न येवोत. म्हणजे पिस्तूल दाराबाहेर सुटले तरी काडतूस दारातच पकडले जाण्याचा संभव राहतो! शिवाय नकली शस्त्राचे खऱ्यात रूपांतर करायला कलम ६ प्रमाणे परवाना लागतो, आणि ही शंका काल्पनिक नाही. ब्रिटनमध्ये २०२५ च्या फेब्रुवारीत पोलिसांनी तुर्की बनावटीची काही बिनगोळी पिस्तुले जमा करण्यासाठी लोकांना अभयाची मुदत दिली. कारण गुन्हेगार त्यांच्या नळ्या मोकळ्या करून ती जीवघेणी बनवीत होते. तात्पर्य, आमच्या शहरात ज्याला असले काही विकत घ्यायचे असेल, त्याने आधी पोलीस आयुक्तांच्या परवाना विभागात लेखी विचारणा करावी आणि लेखी उत्तर हाती आल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

परंतु मी त्या गृहस्थांना जे सांगितले ते कायद्याच्या पुढचे होते. अंबरपेठेत २०२३ च्या फेब्रुवारीत एका चार वर्षांच्या बालकाला भटक्या कुत्र्यांनी फाडून मारले. त्या आईबापांच्या दुःखाला शब्द नाहीत. तेव्हापासून येथे कुत्र्याकडे पाहण्याची माणसांची नजर बदलली, आणि ती बदलली म्हणून कोणाला दोष देता येणार नाही. अशा वस्तीत कुत्रा बाळगणाऱ्यावर दुहेरी जबाबदारी येते. त्याचा कुत्रा निर्भय असला पाहिजे, कारण भेदरलेला कुत्रा साखळी तोडून रस्त्यावर धावतो आणि भीतीच्या भरात समोर येईल त्याला चावतो. आणि कुत्र्याला निर्भय करताना शेजाऱ्यांना भयभीत करून चालणार नाही, कारण दाट वस्तीत पिस्तुलाचा आवाज हा कोणाच्याही कानाला नुसता आवाज नसतो. बार ऐकून जी माता धावत बाहेर येईल आणि आपली मुले मोजील, तिला ते काडतूस पोकळ होते हे कोण सांगणार? एका जिवाचे न दिसणारे भय काढून ते दुसऱ्याच्या घरात टाकण्याचा अधिकार कोणालाच नाही.

तेव्हा पिस्तुलाची निवड करता करता आम्ही दोन लाकडी फळ्यांपाशी येऊन पोहोचलो. हातभर लांबीच्या दोन फळ्या एका टोकाला बिजागरीने जोडायच्या आणि टाळी वाजवावी तशा मिटायच्या. आवाज जोरात मिटले तर मोठा, हळू मिटले तर लहान. परवाना नाही, धूर नाही, चुकून कोणाच्या कानशिलाला लागण्याची भीती नाही. मुसी नदीच्या बाजूच्या मोकळ्या जागेत सकाळच्या वेळी दोन महिने हा प्रयोग चालला. घरी जेवणाच्या वेळी फटाक्यांचा मुद्रित आवाज आधी अगदी मंद आणि मग आठवड्या-आठवड्याने किंचित वाढवीत लावला. दिवाळीच्या रात्री पिल्लू गाढ झोपले असे मी म्हणणार नाही. ते दाराशी कान टवकारून बसले होते. पण पलंगाखाली गेले नाही, आणि हाक मारली तेव्हा शेपूट हलवीत आले. त्या रात्री दारे-खिडक्या मात्र बंदच ठेवल्या होत्या, आणि त्या तशाच ठेवाव्यात. शिक्षण झाले म्हणून सावधगिरी सुटत नाही.

ही रीत परदेशी पुस्तकांत वाचताना मला सारखे वाटत होते की ही आपल्या ओळखीची आहे. देवळात आरतीच्या वेळी नगारा झडतो, घंटा दणाणतात, झांजा कडाडतात. तान्हे मूल घेऊन आलेली लेकुरवाळी त्या वेळी कोठे उभी असते? सभामंडपाच्या पार मागच्या खांबाशी. मुलाचा एक कान तिच्या छातीशी असतो आणि दुसऱ्यावर तिचा तळहात. पुढच्या वर्षी ती दोन खांब पुढे येते. मग तळहात निघतो, पुढे मूल कडेवरून उतरते, हाती प्रसादाची साखर पडते, आणि चार-पाच वर्षांचे होते तेव्हा नगाऱ्याच्या टिपरीसाठी हट्ट धरून बसते. तिला हे कोणी शिकवलेले नसते. मुलाला धीट करायचे म्हणून तिने त्याला पहिल्याच दिवशी नगाऱ्याखाली बसवले नाही, एवढेच. आपण मात्र शाळेत, कचेरीत, कधी घरातही, नवख्याला पहिल्या दिवशीच नगाऱ्याखाली बसवतो आणि तो दचकला की त्याला भित्रा ठरवतो.